बाबांचा चौथा उद्गार

परवा दुपारी आमच्या गल्लीतून प्रचाराची रिक्षा गेली. भोंगा इतका फाटका की उमेदवार कोण ते कळेना, नुसतं "भरघोस मतांनी, भरघोस मतांनी" एवढंच कळत होतं. आईने खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, "यंदा पण लेंटमध्येच आले का हे?"

मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मार्च संपत आलेला. वडाळे तळ्याचं पाणी खाली गेलं की शेवाळाचा एक वास सुटतो, तो आलेला. शर्ट घातल्या घातल्या पाठीला चिकटतो. शेजारच्या काकूंनी कैऱ्या किसून गच्चीवर टाकल्यात. आणि आमच्या घरात मटण बंद. पाच वर्षांपूर्वी सगळं अगदी असंच होतं, फक्त तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की मला सगळ्यांचे आवाज काढता येतात.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्यात ते जरा गप्प राहायचे दिवस. बाबा गोड सोडायचे, आई टीव्ही सोडायची, आणि मला दरवर्षी एकच गोष्ट सोडायला सांगायचे: नकला. मी दरवर्षी हो म्हणायचो. पहिल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी "प्रिय बंधू-भगिनींनो" असं नाकातून म्हटलं की माझा उपवास तिथेच मोडायचा.

नक्कल हा माझा रोगच होता. एसटी स्टँडवरचा "अलिबाग, पेण, अलिबाग" म्हणणारा कंट्रोलर, कॉलेजातल्या अकाउंट्सच्या मॅडम, कैरीवाल्या आजी, सगळे माझ्या घशात भाड्याने राहायचे. सगळ्यात हिट नक्कल माझ्या बाबांची. बाबा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. अवघड काही बोलायचं असलं की ते आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने एक काच पुसायचे, मग दुसरी, मग पहिली परत, आणि मग बोलायचे. साळवे सर काच पुसायला लागले की वर्ग ओळखायचा: आता 'मूलभूत कर्तव्ये' येणार. मी चष्मा न घालता तो चष्मा पुसायचो आणि मागचे बेंच खाली पडायचे. बाबांना ते माहीत होतं.

नकलांचा एक फायदा असा की प्रश्नांना उत्तर द्यावं लागत नाही. आणि मला लहानपणापासून प्रश्न फार यायचे. आडनाव साळवे, मग ख्रिश्चन कसा? चेहऱ्यावरून वाटत नाहीस. घरी इंग्लिश बोलता का? धर्म बदलला की तुमच्यात तांदूळ देतात ना, आम्हाला पण आण की एक गोण. माझे पणजोबा नगरच्या बाजूचे, बाप मराठी शाळेत मास्तर, आजीला इंग्लिशमधलं एक 'टाटा' यायचं. पण हे सांगत कोण बसणार? मी लगेच आवाज काढायचो, हिंदी पिक्चरमधला तो बाटलीवाला अंकल असतो ना, "क्या मॅन, क्या बोलता मॅन", तो. सगळे हसायचे, विषय मिटायचा. आता विचार करतो तर वाटतं, ज्या माणसाची मी नक्कल करायचो तसा आमच्या अख्ख्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एकही नव्हता. मी अशा कोणाची तरी नक्कल करत होतो जो फक्त त्यांच्या डोक्यात होता. मग मी नक्की कोणाच्या बाजूने होतो?

त्या वर्षी प्रश्न विचारायला प्रथमेश पुढे होता. प्रथमेश माझा दोस्त, बेलपाड्याचा, बोलणं बिनधास्त. बंदर रोडच्या टपरीवर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "खरा सांग, देश आधी का तुजा येशू आधी?"

"आधी कटिंग," मी म्हणालो.

"तसा नाय. उद्या सरकार एक बोलला आन तुजा देव दुसरा बोलला, त तू कोनाचा?"

"ज्याचं नेटवर्क चांगलं त्याचा."

तो हसला. पण घरी जाताना तो प्रश्न सायकलच्या चेनमध्ये अडकलेल्या पायजम्यासारखा माझ्याबरोबरच आला. मी तो बाबांना विचारला. बाबा म्हणाले, "प्रथमेशला विचार, देश आधी की आई."

"ते आधीच विचारलं. तो म्हणतो, आई घरीच असते, देशासाठी बाहेर जावं लागतं."

बाबा हसले. मग त्यांनी चष्मा काढला, दोन्ही काचा पुसल्या, परत घातला, आणि वह्या तपासायला लागले. मला वाटलं, सरांना पण उत्तर पाठ नाहीये.

आता त्या वर्षीची मुख्य गोष्ट. गुड फ्रायडेला, आमची जुनी माणसं त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात, आमच्याकडे बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला, ते सात उद्गार. एकेका उद्गारावर मंडळीतला एकेक माणूस बोलतो. नावं महिना-दीड महिना आधी फळ्यावर लागतात, आणि नाव लागलं की माणूस चालतो पण वेगळा. बाबा त्या मंडळीत सतरा वर्षं होते. खुर्च्या लावायचे, रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगायचे, पण उद्गार त्यांना कधी मिळाला नव्हता. "सर फार हळू बोलतात" असं भालेराव आजोबांचं म्हणणं. भालेराव आजोबा म्हणजे मंडळीतले सगळ्यात वडील सभासद, स्वतः कायम पहिला उद्गार घेणारे. त्या वर्षी मात्र फळ्यावर चौथ्या नंबरला लिहिलं होतं: श्री. साळवे सर.

चौथा उद्गार म्हणजे तो, ज्यात येशू आकाशाकडे बघून देवाला विचारतो की तू मला एकट्याला का टाकलंस.

बाबांनी शाळेच्या परीक्षेतल्या उरलेल्या पुरवण्यांच्या कोऱ्या पानांवर भाषण लिहायला घेतलं. रोज संध्याकाळी गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीसमोर उभं राहून म्हणायचे. आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून हळू, म्हणजे सगळं ऐकू यायचं. भाषण साधं होतं. येशूला आयुष्यभर लोकांनी प्रश्न विचारले, माहिती हवी म्हणून नाही, पेचात धरायला. सरकारला कर द्यायचा की नाही, हा त्यातलाच एक. हो म्हणावं तर आपले लोक तुटतात, नाही म्हणावं तर शिपाई पकडतात. त्याने एक नाणं मागून घेतलं, त्यावरचा राजाचा छाप दाखवला, आणि म्हणाला की ज्याचं आहे ते त्याला देऊन टाका आणि देवाचं देवाला द्या. "अशी त्याने प्रत्येकाला उत्तरं दिली," बाबा चादरीला सांगायचे, "आणि शेवटी स्वतः एकच प्रश्न विचारला. त्याला उत्तर आलं नाही. आणि म्हणून..."

इथे बाबा थांबायचे. रोज. चष्मा पुसायचे. एकदा म्हणाले, "आणि म्हणून आपण," आणि परत चष्मा हातात. पुरवणीत त्या ओळीखाली इतकी खाडाखोड होती की कागद फाटला होता.

मग शाळेत निवडणुकीच्या ड्यूटीचा कागद आला. बाबा केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदान केंद्राचे मुख्य. केंद्र उरणच्या बाजूला, करंज्याला. मतदान गुरुवारी. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार.

भालेराव आजोबा घरी आले. "सर, अर्ज टाका. धार्मिक कारण लिहा. ड्यूटी रद्द करतात."

बाबा म्हणाले, "रद्द कशाला? गुरुवारी रात्री मशीन जमा केलं की सुटतो. शुक्रवारी बाराला इथे असेन."

"आणि नाही सुटलात तर? देवाचं काम आधी का सरकारचं?"

मला वाटलं, हे आणि प्रथमेश एकाच शाळेतले दिसतात.

बाबांनी काच पुसली. म्हणाले, "मी पोरांना सांगतो की निवडणूक म्हणजे देशाचं काम. आता माझी पाळी आली तर देवाच्या नावाने सुट्टी मागू? देवालाच लाज वाटेल."

तरी आईच्या समाधानासाठी ते कचेरीत जाऊन आले. रद्द करा असं नाही, शुक्रवारी सकाळपर्यंत मोकळं करा एवढीच विनंती. मी बरोबर होतो. खिडकीतल्या क्लार्कने अर्ज वाचला, जर्दा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाला, "तुमचा देव क्षमा करतो ना, सर?"

"करतो," बाबा म्हणाले.

"मग त्याला थोडा उशीर चालेल. आमचे साहेब नाही क्षमा करत."

संध्याकाळी मी तो क्लार्क घरी करून दाखवला, जर्द्यासकट. आई ओट्याला धरून हसली. बाबापण हसले. मग म्हणाले, "माणूस चुकीचं नाही बोलला." आणि पुन्हा गॅलरीत चादरीपुढे जाऊन उभे राहिले.

गुरुवारी मी पहिल्यांदा मत दिलं. बोटाला शाई लावणारी बाई बाबांच्याच शाळेतली निघाली, तिने जरा जास्तच ओढली, पार नखाच्या खालपर्यंत. मी दिवसभर ते बोट मिरवलं. प्रथमेश म्हणाला, "झाला, आता तू सरकारचा." मी म्हणालो, "एका बोटापुरता."

शुक्रवारी सकाळी बाबा आले नाहीत. फोन बंद. मी आणि आई रिक्षाने कळंबोलीला गेलो. आमची मंडळी तिथे लोखंड बाजाराजवळ एका पत्र्याच्या हॉलमध्ये भरायची. ज्याने कळंबोलीत उत्तम शुक्रवार पाळला नाही त्याला खिळ्यांचा आवाज काय असतो ते कळणार नाही. आत पाळकसाहेब वधस्तंभाबद्दल सांगतायत आणि बाहेर ट्रकमधून सळया उतरतायत. खण्ण. मग थोडा वेळ काही नाही. मग परत खण्ण. हमालांना काय माहीत. लहानपणी मला वाटायचं की हे मुद्दाम करतात, उपासनेचाच भाग आहे.

पहिला उद्गार भालेराव आजोबांनी घेतला, लांबवला. दुसरा झाला. तिसरा झाला. आई दाराकडे बघत होती, मी आईकडे. दारात ऊन आणि ऊन. चौथ्याच्या आधीचं गीत सुरू झालं तसे पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन वाकले.

"बाबांचं पाठ आहे ना तुला?"

मी परत दाराकडे बघितलं.

"घरी ऐकलं असशील. सगळ्यांचं बोलतोस, आज बापाचं बोल."

पलीकडून भालेराव आजोबा कुजबुजले, पण त्यांची कुजबुज म्हणजे पाच रांगांना ऐकू जाते. "हा? हा नकल्या? आजच्या दिवशी?"

आईने माझी कॉलर सरळ केली. तेवढंच. मी उठलो.

पुढे उभं राहिल्यावर मला माझ्या आवाजात काय बोलायचं तेच कळेना. माझा आवाज म्हणजे कुठला? मी तोंड उघडलं आणि बाबांचा आवाज आला. मी ठरवलं नव्हतं. हळू, खालच्या पट्टीतला, प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखा. पेचात धरणारे प्रश्न, नाणं, राजाचा छाप. नाण्याबद्दल बोलताना मी हात वर केला आणि समोर माझं शाई लावलेलं बोट. छापाची गोष्ट सांगतोय आणि माझ्याच बोटावर कालचा ताजा छाप. मी हात खाली घेतला. कोणी हसत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळे मिटून ऐकत होत्या. मला आतून वाटत होतं, अरे, जमतंय. त्याच वेळी दुसरीकडे वाटत होतं, काय जमतंय? नक्कल की प्रार्थना? बाबांना जे वाटतं ते मी इतकं बरोबर म्हणतोय, मग ते मलापण वाटतं का? की पोपटाला वाटतं तेवढंच?

"शेवटी त्याने स्वतः एकच प्रश्न विचारला," मी म्हणालो. "त्याला उत्तर आलं नाही. आणि म्हणून..."

आणि तिथे कॅसेट संपली. पुढे बाबांनीच कधी काही म्हटलं नव्हतं. नक्कल करायला काही उरलंच नव्हतं. माझा हात आपोआप तोंडाकडे गेला, मी नसलेला चष्मा काढला, शर्टाचं टोक धरलं, एक काच पुसली, दुसरी पुसली, परत पहिली. कॉलेजात याच्यावर टाळ्या पडायच्या. इथे एवढी शांतता की बाहेर हमालाने दुसऱ्याला "दमानं" म्हटलेलं ऐकू आलं. मग खण्ण.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. हा आवाज बारीक होता, थोडा चिरका, मी तो ओळखलाच नाही. "पुढचं मला माहीत नाही."

आणि वर बघितलं तर दारात बाबा. दोन दिवसांचा चुरगळलेला शर्ट, गळ्यात ड्यूटीचं कार्ड तसंच, खिशाजवळ शाईचा मोठा डाग. उजव्या हातात चष्मा. ते किती वेळ उभे होते मला आजही माहीत नाही. ते पुढे आले नाहीत. मागच्या रांगेत एक खुर्ची उलगडून बसले.

पाळकसाहेबांनी पाचव्याला बोलावलं.

तीननंतर आम्ही उपास सोडतो. त्या दिवशी घरी खिचडी होती. बाबा दोन घास खाऊन सांगायला लागले. करंज्याच्या शाळेतलं केंद्र, अंगणात सुकत टाकलेल्या मासळीचा वास. दुपारी एक कोळीण मावशी आली. रजिस्टरवर सही केली, बोटाला शाई लावून घेतली, आणि तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं की होडी लागली. मावशी जी वळली ती सरळ धक्क्यावर. मशीनपाशी गेलीच नाही. होडी लागल्यावर लिलावाला नसलं तर मासळी दुसरीच कोणी नेते, लिलाव काय थांबतो. संध्याकाळी वेळ संपली, मशीन बंद करून सील लावलं, आणि मावशी टोपली घेऊन हजर.

"मला म्हणाली, मास्तर, आता देते मत." बाबांना नक्कल येत नाही, ते कोणाचंही बोलणं नागरिकशास्त्राच्या सुरातच सांगतात. "मी म्हटलं, मावशी, वेळ संपली. तर म्हणाली, माजी सई हाय ना? शाई हाय ना? मंग मी मत दिला का नाय?"

"मग?" आई म्हणाली.

"सही एक जास्त, मत एक कमी. मी तसं लिहिलं. मशीन जमा करायच्या टेबलावरचे लोक म्हणाले, सर, कशाला लिहिता, हिशोब जुळवून टाका, सगळ्यांना घरी जायचंय. मी म्हटलं, जुळत नाही तर कसं जुळवू? मग मोठे साहेब येऊन सही करेपर्यंत बसवलं. ते सकाळी दहाला आले. पुढे ट्रॅफिक."

"एका मतासाठी," आई म्हणाली. "सतरा वर्षांनी नाव लागलं होतं फळ्यावर."

मी विचारलं, "बाबा, दिलं का मग तिने मत?"

त्यांनी चष्मा काढला. "नियमाने नाही. आणि नियम मीच शिकवतो. पण ती दारातून जाताना अशी बघून गेली की, सुम्या, तिथे उभा राहून मला वाटलं, चौथा उद्गार मला आत्ता कळला. आणि ज्याला विचारला गेला, तो मीच होतो."

मी खिचडी कालवत बसलो. मला विचारायचं होतं की मी चांगलं बोललो का. मला विचारायचं होतं की मी तुमची नक्कल करत नव्हतो, किंवा करत होतो, तुम्हाला काय वाटलं. त्याआधी बाबांनीच विचारलं, "शेवट काय केलास?"

"केलाच नाही."

"हं," ते म्हणाले. "मलाही नव्हता सुचला."

त्यानंतर बाबांचं नाव फळ्यावर परत लागलं नाही. दोन वर्षांनी ते रिटायर झाले. त्यांनी कधी मागितलंही नाही, आणि मला दरवर्षी त्या दिवशी पत्र्याच्या हॉलमध्ये बसलं की वाटतं, मी त्यांची पाळी वापरून टाकली. भालेराव आजोबा आता पहिला उद्गार खुर्चीत बसून घेतात. मला भेटले की म्हणतात, "त्या दिवशी तू बरा बोललास, शेवट सोडून." प्रथमेशचं लग्न झालं, तो आता तो प्रश्न विचारत नाही. विचारला तर मी अजून 'आधी कटिंग'च म्हणेन, पण आता ते जोक म्हणून नाही, खरंच दुसरं काही येत नाही म्हणून. कधी वाटतं बाबांनी त्या रात्री टेबलावर आकडे न जुळवता देवाचंच काम केलं. कधी वाटतं, मावशीला एकदा बटण दाबू दिलं असतं तर ते देवाचं झालं असतं. सील तोडून? मग सरकारचं काय? मी यात फिरत राहतो, आमच्या वडाळे तळ्याभोवती सकाळी फिरणारे काका फिरतात तसा. चक्कर पूर्ण होते, पोचत कुठेच नाही.

आणि आता गेल्या रविवारी फळ्यावर यादी लागली. चौथ्या नंबरला: सुमित साळवे. मी पाळकसाहेबांना म्हटलं, बाबांचं नाव टाका. ते म्हणाले, "बाबांनीच तुझं सांगितलं."

म्हणून परवा, ती रिक्षा गेल्यावर, मी गॅलरीत गेलो. तीच तार, चादर वेगळी. कपाटातून बाबांच्या पुरवण्या काढल्या होत्या, पण बघाव्या लागल्या नाहीत. माझ्या आवाजात सुरू केलं, दोन वाक्यांत तो बाबांचा झाला, ओढून परत माझा केला, परत त्यांचा झाला. नाणं झालं, छाप झाला. "त्याला उत्तर आलं नाही. आणि म्हणून..."

आतून, पेपराच्या मागून, बाबा म्हणाले, "पुढे?"

"तुम्ही सांगा."

"मी कुठे पोचलो होतो? मी मागच्या रांगेत होतो."

मी हसलो. मग मला चष्मा काढावासा वाटला. म्हणजे खराच. गेल्या वर्षी मला नंबर लागला. मी तो नाकावरून उतरवला, शर्टाचं टोक धरलं आणि तसाच थांबलो, कारण दारात बाबा येऊन उभे होते आणि मला एकदम चोरी पकडल्यासारखं झालं.

"मुद्दाम नाही करत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातला चष्मा घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि परत दिला.

"पूस," ते म्हणाले. "काच खरंच खराब आहे."